देणगीवर चालणारी गावची शाळा: पैसा कुठे लावावा, गाडं कुठे अडतं

शाळेच्या खोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. शिक्षकाच्या ऑगस्टच्या पगारावर ती लावता येत नाही. देणगीवर चालणाऱ्या बहुतेक ग्रामीण शाळांचं दुखणं इथूनच सुरू होतं. खोल्या, संगणक, फिल्टर, घसरगुंडी यांसाठी पैसे उभे राहतात आणि तीन-चार वर्षांत पगार रखडायला लागले की चांगले शिक्षक एकेक करून निघून जातात. इमारत तशीच उभी राहते, पण तिसरीतल्या मुलाला धडा वाचता येत नाही.

म्हणून अशा शाळेचा सगळा विचार रोज, दर महिन्याला, दर वर्षी पुन्हा होणाऱ्या खर्चापासून सुरू करावा. पुढचं सगळं लिहिताना महाराष्ट्रातली, पहिली ते चौथीची, साधारण १०० मुलांची शाळा समोर धरली आहे.

नवी शाळा खरंच हवी आहे का?

शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. त्यामुळे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा आधीच असते. तिच्या शेजारी गणवेश आणि बूट देणारी नवी शाळा काढली, तर पहिल्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतली वीस-पंचवीस मुलं इकडे येतात. तिकडचा पट घसरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, एक शिक्षक कमी होतो आणि उरलेल्या मुलांचं नुकसान होतं. गावात एकूण शिकणारी मुलं मात्र तेवढीच राहतात.

अशा गावात देणगीचा पैसा असलेल्या शाळेलाच जोडावा: एक जादा वाचन-गणित शिक्षिका, बालवाडी, ग्रंथालय, संध्याकाळचा अभ्यासवर्ग. नवी शाळा काढायला सबळ कारण लागतं. ओढ्यापलीकडचा पाडा पावसाळ्यात तुटतो, किंवा जवळची शाळा फक्त कागदावर चालते, किंवा स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी निवासी सोय नाही, ही खरी कारणं आहेत. ‘आमच्या आजोबांच्या नावाने शाळा काढायची आहे’ ही भावना समजण्यासारखी आहे, पण गावाची गरज तिच्यावरून ठरत नाही.

कागदांचं काम

संस्था म्हणून उभं राहायला सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. कायदा १९५० चा. शाळेची मान्यता वेगळी, ती शिक्षण विभागाकडून. सरकारी अनुदान न घेणारी शाळा राज्याच्या २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली परवानगी घेते. मान्यता नसताना शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. मान्यतेनंतर युडायस या शाळांच्या सरकारी नोंदणीचा ११ अंकी क्रमांक मिळतो. मुलांच्या नोंदी, दाखले, शिष्यवृत्ती सगळं त्या क्रमांकावर चालतं.

देणगीसाठी आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी हवी, आणि देणगीदाराला करसवलत द्यायची तर त्यासाठीची वेगळी मान्यताही (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-जी). दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही. शिवाय नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला या सवलतीचा फायदाच मिळत नाही, हे बऱ्याच विश्वस्तांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. ‘कर वाचेल’ म्हणून पैसे मागायची सवय आता सोडावी लागेल.

कंपनीकडून सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर आधी सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. परदेशातल्या नातेवाईक-मित्रमंडळाकडून पैसे येणार असतील तर नियम नीट वाचावेत. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. तोच माणूस अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा नागरिक झाला की एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे नेता येत नाही आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही.

एक बारीक गोष्ट, पण फार महागात पडते: विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो राहून जातो, मग बँक सह्या बदलून देत नाही, आणि खात्यात पैसे असूनही पगार अडकतात.

१०० मुलांच्या शाळेला वर्षाला किती लागतात?

खालचे आकडे हिशोब समजावण्यासाठी धरलेले आहेत; तालुक्याप्रमाणे ते बदलतील.

शिक्षण हक्क कायद्यानुसार ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक लागतात. महिना २५,००० धरले तर वर्षाचे १२ लाख. दोन अर्धवेळ मदतनीस, प्रत्येकी ९,०००: २ लाख १६ हजार. दुपारचं जेवण, मुलामागे रोज १८ रुपये, २०० दिवस: ३ लाख ६० हजार. वह्या-पुस्तकं-साहित्य मुलामागे १,२००: १ लाख २० हजार. दूरच्या वस्तीवरच्या मुलांची ने-आण १ लाख २० हजार. दुरुस्ती ८० हजार. वीज, इंटरनेट आणि लेखापरीक्षण ६० हजार. शिक्षक प्रशिक्षण ६० हजार. एकूण २२ लाख १६ हजार, म्हणजे मुलामागे सुमारे २२ हजार. यातले जवळजवळ ६४ टक्के पगारात जातात.

यात एकही नवी खोली नाही, संगणक नाही, स्नेहसंमेलन नाही. ही फक्त शाळा चालू राहण्याची किंमत आहे. कोणी २५ लाखांची इमारत देऊ केली, तर पुढच्या दहा वर्षांचे हे दोन कोटींहून जास्त रुपये कुठून येणार, हा प्रश्न त्याच बैठकीत घ्यावा.

दुसरी अडचण वेळेची. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून देणग्या आणि सीएसआरचे हप्ते फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी करतात. शाळा जूनमध्ये उघडते आणि पगार दर महिन्याला लागतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे हमखास कोरडे महिने. त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च, आपल्या उदाहरणात सुमारे ११ लाख, वेगळ्या ठेवीत असल्याशिवाय पहिलीचा वर्ग सुरू करू नये. एकाच मोठ्या देणगीदाराकडून निम्म्याहून जास्त पैसा येत असेल तर ती शाळा धोक्यात आहे असं समजावं. कंपनीचं धोरण बदलतं, अधिकारी बदलतो आणि पत्र येतं ते एप्रिलमध्ये. महिना ५०० रुपये देणारे शंभर लोक जमवायला कष्ट पडतात, पण ते सगळे एकदम जात नाहीत.

कायम निधीचा मोह असतो, म्हणून त्याचंही गणित बघू. एक कोटीवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात लाख मिळतात, म्हणजे खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आणि महागाई वाढली तरी ते सातच लाख राहतात. तरी निधी असावा. फक्त देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी दिलेलं असावं, नाहीतर हिशोबात ती साधी देणगी धरली जाते.

गावाचा वाटाही असावा, पैशाच्या रूपात नसला तरी चालेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने घराघरांतून मूठ-मूठ धान्य जमवून वसतिगृहं चालवली. आजही भाजी, ज्वारी, सरपण, कुंपणाचं श्रमदान मिळतं. ज्या घरातून भेंडी येते, त्या घरातलं माणूस शाळेत डोकावतं आणि शिक्षक आले नाहीत तर विचारतं.

शिक्षक टिकवणं

पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी डी.एड. आणि सहावी ते आठवीला डी.एड. किंवा बी.एड. लागते, सोबत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही. अशी पात्रता असलेला प्रत्येक जण पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरच्या शिक्षक भरतीची वाट बघत असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. भरती निघाली की चारातले दोन जातात, तेही सत्राच्या मध्यावर. हे होणारच असं धरून शाळेची घडी बसवावी. प्रत्येक वर्गाची रोजची टाचणं, मुलांच्या पातळीच्या नोंदी आणि साहित्य शाळेच्या कपाटात राहिलं पाहिजे, शिक्षकाच्या पिशवीत नाही. नव्या शिक्षकाने पहिले पंधरा दिवस जुन्याबरोबर वर्गात बसावं. गावातल्याच बारावी झालेल्या दोन-तीन मुली-सुनांना वाचन-सहायक म्हणून तयार करावं; त्या मुख्य शिक्षकाची जागा घेऊ शकत नाहीत, पण शिक्षक बदलला तरी मुलांना ओळखणारं माणूस वर्गात राहतं.

पगार बँकेतूनच आणि ठरल्या तारखेलाच. रखडणारे २५ हजार आणि वेळेवर मिळणारे २२ हजार यांत अनुभवी शिक्षक दुसरे निवडतात, कारण घराचा हप्ता तारखेला कापला जातो.

वाचन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा

‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीतही दुसरीच्या मागे. देणगीवर चालणारी शाळा याला आपोआप अपवाद ठरत नाही. मोजल्याशिवाय तर कळतही नाही.

मोजायला परीक्षा लागत नाही. एका कागदावर चार गोष्टी लिहा: दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द, चार ओळींचा पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, आठ-दहा ओळींची दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला वेगळं बसवून परिच्छेद द्या. वाचला तर गोष्ट द्या, अडखळला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरं. मुलाला तीन ते पाच मिनिटं लागतात. चार शिक्षकांनी वाटून घेतलं तर १०० मुलांचं काम दोन सकाळींत संपतं.

आता तिसरीतल्या एका मुलीकडे जवळून बघा. ती बाराखडी ‘क का कि की’ घडाघडा म्हणते. पण कागदावरच्या ‘कि’वर बोट ठेवलं की पहिल्यापासून म्हणत-म्हणत तिथपर्यंत येते. म्हणजे तिला बाराखडीची चाल पाठ आहे. वेलांटीची खूण पाहून आवाज आठवत नाही. तिला आणखी पाठांतर देऊन उपयोग नाही. ‘सूर्य’ शब्दाशी थांबणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आहे. त्याला रफार कुठे उच्चारायचा ते कोणी सांगितलेलं नाही. ‘चूक’ म्हणून लाल खूण केल्याने या दोघांतला फरक दिसत नाही. शिक्षकाच्या वहीत ‘वाचता येत नाही’ असं लिहिलेलं असेल तर ती नोंद कामाची नाही. ‘काना-मात्रा येतो, वेलांटी-उकार नाही’ ही नोंद कामाची.

पहिलीत अ, आ, इ या क्रमाने महिनाभर अक्षरंच गिरवून घेतली तर मुलाला वाचण्याचं सुख मिळतच नाही. त्याऐवजी क, म, ल, न ही चार अक्षरं आणि काना एवढंच घ्या. त्यातून मका, काम, नाक, कान, लाल, मान, माल, कमान, मामा, काका, नाना असे शब्द तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत मूल ‘काका काम’, ‘लाल मका’ वाचतं आणि वाचलेल्याला अर्थ असतो हे त्याला कळतं. मग पुढचा अक्षरगट. जोडाक्षरं शेवटी.

मोजणी झाली की रोज दीड तास पहिली वगळून सगळी मुलं इयत्ता विसरून पातळीनुसार बसवावीत: अक्षर गट, शब्द गट, परिच्छेद गट, गोष्ट गट. चौथीतला मुलगा शब्द गटात बसला तर बसू द्यावा. पातळीनुसार शिकवण्याची ही रीत ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने वर्षानुवर्षं वापरली आहे आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी ती प्रयोगांमधून तपासली आहे. दर चार आठवड्यांनी पुन्हा मोजायचं आणि गट बदलायचे. इथे दोन चुका हमखास होतात. एक, अक्षर गट सगळ्यात नव्या शिक्षकाकडे जातो. तो सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडे हवा. दुसरी, गट वर्षभर बदलत नाहीत आणि त्यांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी नावं पडतात. गटांना झाडांची नावं द्या आणि महिन्याला हलवा.

मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी, पालघरमध्ये वारली बोलणारी मुलं असतील, तर पहिले सहा महिने तोंडी काम त्यांच्या भाषेत झालंच पाहिजे. ‘मका’ वाचून डोळ्यासमोर कणीस आलं नाही तर ते वाचन नव्हे. तिथे वाचन-सहायक त्या भाषेची असणं ही चैन नाही, गरज आहे.

गणितातही हेच. वजाबाकीत हातचा कुठून येतो हे काड्यांच्या जुड्यांनी दहादा करून पाहिल्याशिवाय वहीत उतरत नाही.

हजेरी

सरासरी हजेरीचा आकडा फसवा असतो. ९० मुलं नियमित आणि १० मुलं महिनाभर गायब असली, तरी सरासरी ९० टक्के दिसते. म्हणून टक्का सोडून नावं बघावीत. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी जायचं आणि कारण लिहून ठेवायचं. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं: आठवडी बाजाराचा दिवस, कापूस वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, धाकट्या भावंडाला सांभाळणं. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची केली तर कितीतरी मुलं परत येतात. भावंडासाठी बालवाडीचा एक कोपरा केला तर मोठी बहीण वर्गात बसू शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी सप्टेंबरातच करावी. दिवाळीनंतर केली तर उशीर झालेला असतो. मूल आजी-आजोबांकडे राहू शकतं का, हंगामी वसतिगृहाची सोय मिळते का, हे गाडी लागायच्या आधी ठरतं. जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावं आणि त्याची वाचन पातळीही त्यावर लिहावी. मार्च-एप्रिलमध्ये ते परतलं की त्याच पातळीपासून धरता येतं.

पाणी, शौचालय, जेवण

विनाअनुदानित शाळेला सरकारी पोषण आहार योजना लागू होत नाही. पण तिची प्रमाणं चांगला आधार आहेत: प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. १०० मुलांना १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी, अर्धा किलो तेल. पैसे कमी पडले की पहिली डाळ पातळ होते, म्हणून डाळीचं वजन रोज वहीत लिहावं. वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने चव घ्यावी आणि सही करावी.

टाकीत १,००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती थोड्या पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पावडरीचा डबा उघडा राहिला की क्लोरीन उडून जातं; नंतर कितीही टाकलं तरी चुन्यासारखं काम करतं. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाणी फिकट पिवळं झालं तर ठीक.

शौचालयं बांधली जातात आणि वर्षभरात त्यांना कुलूप लागतं. कारण साधं असतं: पाणी आत नळाने येत नाही, बादलीने आणावं लागतं, आणि साफसफाई कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसतं. मग मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. देणगीदार शौचालय देत असेल तर वरची टाकी, नळजोडणी आणि सफाईचे तीन वर्षांचे पैसे त्याच प्रस्तावात मागावेत. तिन्ही मिळणार नसतील तर असलेलं शौचालय आधी दुरुस्त करावं.

मुलांची सुरक्षितता

प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, छडी पूर्ण बंद, १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीवर. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी संस्थेत चौकशी करू, गावाचं नाव जाईल, असं म्हणून थांबणं हा गुन्हा आहे. देणगीदारांच्या भेटीत मुलांना रांगेत उभं करून वह्या घेताना फोटो काढणंही बंद करावं. ज्या घरची परिस्थिती हलाखीची आहे, त्या मुलाचा चेहरा पत्रकावर छापायचा अधिकार कोणालाच नाही.

देणगीदाराला काय कळवायचं

चकचकीत अहवालापेक्षा एक पान पुरतं. जूनमध्ये आणि मार्चमध्ये प्रत्येक वाचन पातळीवर किती मुलं होती. किती मुलं वर्षात ३० दिवसांहून जास्त गैरहजर होती. किती शिक्षक सोडून गेले. मुलामागे किती खर्च झाला. आकडा वाईट असेल तर तोही द्यावा आणि कारण लिहावं. असं पान तीन वर्षं सलग पाहिलेला देणगीदार पगारासाठी पैसे द्यायला तयार होतो, कारण पगार कशात रूपांतरित होतो ते त्याला दिसतं. संगणक देऊ करणाऱ्याला दुरुस्तीसाठी किमतीच्या दहा टक्के दरवर्षी मागावेत. नाही म्हणाला तर नम्रपणे संगणक नाकारावा.

आणि चौथी संपण्याच्या आधी, जानेवारीतच, पाचवीची सोय बघावी. पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर असेल तर मुली तिथेच गळतात. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी पास काढावा लागतो आणि मुळात शाळेच्या वेळेला एसटी असावी लागते. गाडी साडेअकराला येत असेल आणि शाळा साडेदहाला भरत असेल, तर आगाराला लेखी अर्ज द्यायचा, त्यावर सरपंचांची आणि दोन्ही मुख्याध्यापकांची सही घ्यायची, आणि जून उजाडायच्या आत वेळ बदलून घ्यायची.